अर्धा कोयता

वत्सला साबळे. हे नाव सगळ्यात आधी लिहितो. बारामतीच्या कॉलेजात त्यांनी मला संख्याशास्त्र शिकवलं, हे खरं असलं तरी पुरेसं नाही. आकडा समोर आला की त्याच्यावर विश्वास टाकण्याआधी त्याला विचारायचं, "बाबा रे, तू मोजलंस काय आणि एक म्हणजे किती धरलंस?" ही सवय त्यांची. ती माझ्या अंगात उतरली आणि आज मी तिच्यावरच भाकरी खातो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. पण माझ्याआधी त्या आमच्या घरापर्यंत पोचल्या होत्या, म्हणून मी पोचलो.

दिवाळी उलटली, सकाळी अंगावर काटा यायला लागला की इंदापुरात हायवेच्या कडेला ते ट्रक दिसायला लागतात. वर गाठोडी, पत्र्याच्या पेट्या, बांबू, कोंबड्यांची खुराडी, आणि त्या सगळ्याच्या वर बसलेली माणसं. बीडकडून, नगरच्या वरल्या अंगाकडून येतात. बायका पदर दातात धरून बसलेल्या असतात, म्हणजे वाऱ्याने उडू नये. गळीत हंगाम सुरू झाला. मग थोड्याच दिवसांत माळेगावच्या बाजूला गेलं की मळीचा आंबूस-गोड वास हवेत लटकलेला असतो आणि दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर धुराड्याची काजळी बारीक तिळासारखी पडलेली असते. दरवर्षी हे ट्रक बघितले की मी नकळत मोजायला लागतो. आणि दरवर्षी मोजता मोजता एका ठिकाणी थांबतो.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. मी दुसऱ्या वर्षाला होतो. एका सकाळी मॅडम वर्गात आल्या त्या हातात झेरॉक्सचे कागद घेऊनच. पुण्याहून कुणीतरी पाठवले होते. जगातल्या देशांची एक यादी होती. कुठला देश श्रीमंत, कुठला गरीब, अशी यादी आम्ही पाहिलेली होती. ही वेगळी होती. एखाद्या देशात बाई पुरुषाच्या मानाने किती जगते, किती शिकते आणि किती मिळवते, या तीन गोष्टी घेऊन प्रत्येक देशाला एक आकडा दिलेला होता. शून्य आणि एक यांच्या मधला. एक म्हणजे कशात काही कमी नाही.

"कोण एकवर पोचलंय, मॅडम?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"कुणीच नाही."

"अमेरिका पण नाही?"

"अमेरिका पण नाही."

वर्गाला जरा बरं वाटलं. मग आपला देश कुठं आहे म्हणून आम्ही यादी वरून खाली वाचायला लागलो. वाचता वाचता पहिलं पान संपलं. दुसरं पान सुरू झालं. मुलींच्या रांगेतली बोटं यादीवरून खाली खाली सरकत होती, आणि मुलांच्या रांगेतला एकजण म्हणाला, "मॅडम, खालून वाचू का? लवकर सापडंल." सगळे हसले. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "देशाचं झालं. आता आपल्या तालुक्याचं काढू. बारामती आणि इंदापूर. हेच तीन रकाने. कोण येतं माझ्याबरोबर?"

मी हात वर केला. खरं सांगायचं तर मला त्या यादीपेक्षा मॅडमच्या मोपेडवर मागे बसायला मिळेल, याचं जास्त वाटलं होतं.

पण मी त्या वर्गात होतो तोच मुळात त्यांच्यामुळे. पहिलं वर्ष संपताना लोणी देवकरला एका कंपनीत जागा निघाल्याचं गावातल्या कुणीतरी आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी रातोरात ठरवून टाकलं, आता कॉलेज पुरे. मी आठ दिवस वर्गात दिसलो नाही, तेव्हा मॅडम एसटीने इंदापूरला आल्या, दुसरी एसटी धरून आमच्या फाट्यावर उतरल्या आणि तिथून उन्हात चालत घरी. आईने गडबडीने सतरंजी अंथरली. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता, त्याच्याकडे बघत मॅडम आधी काही क्षण नुसत्या उभ्या राहिल्या.

"मॅडम, त्ये समदं बराबर हाय," आबा म्हणाले, "पन पोरगं कंपनीत चिकटलं तर चिकटलं. शिकून पुन्ना कंपनीतच जायचं ना?"

"जाईल की. पण मग गेटवर नाव विचारणारा असेल, का आत खुर्चीवर बसणारा, एवढाच प्रश्न आहे," मॅडम म्हणाल्या. मग फोटोकडे बोट न दाखवता, नुसती मान तिकडे वळवून म्हणाल्या, "हे तुमच्या घरात कशासाठी लावलंय, ते मी सांगायला नको."

आबांनीही एकदा फोटोकडे पाहिलं. मग आईला म्हणाले, "च्या टाक गं." त्या चहात माझं दुसरं आणि तिसरं वर्ष होतं.

निघताना मॅडमनी आईला विचारलं, "तुम्ही रानात जाता का?"

"जाते की. बाईच्या रोजानं."

"म्हणजे?"

"गड्याचा रोज येगळा, बाईचा येगळा. खुरपायला दोगंबी वाकूनच असतो, पर बाईचा कमी." आई हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. आज वार कोणता, हे सांगावं तसं सांगत होती. मी जन्मापासून ते दोन शब्द ऐकत आलो होतो, बाईचा रोज आणि गड्याचा रोज. ते दोन का आहेत असं मला कधी वाटलं नव्हतं. मॅडम परत फाट्यावर जाताना म्हणाल्या, "तुझ्या आईने आत्ता मला एक कोष्टक सांगितलं, मिलिंद. ऐकलंस ना?"

तर आम्ही तालुके मोजायला निघालो. पहिले दोन रकाने भरत गेले. किती शिकल्या, ते जनगणनेत होतं. किती जगल्या, ते गावोगावच्या नोंदींमधून मॅडम काढत होत्या. तहसील कचेरीतला एक कारकून त्यांना रोज विचारायचा, "म्याडम, बायका मोजून काय करणार?" आणि त्या रोज नवीन उत्तर द्यायच्या. एकदा म्हणाल्या, "हरवल्यात का बघतेय."

तिसरा रकाना अडला. मिळकत. शेतकऱ्याच्या दारात गेलं की मालक ओट्यावर बसून सांगायचे, "आमच्या बायकांना मिळवायची गरज न्हाय," आणि त्याच वेळी मागून बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन घरात शिरत असायची. तो रकाना कसा भरायचा, हे कुणालाच कळेना. तेव्हा मलाच सुचलं. मी म्हणालो, "मॅडम, ऊसतोडीवाल्यांकडे जाऊ. तिथं बाई नि पुरुष एकाच फडात, एकच काम करतात. टनावर पैसे मिळतात. तिथं आकडा सरळ निघेल."

मॅडम खूश झाल्या. मीही.

बारामती-इंदापूर रस्त्याला एका पडीक रानात एक टोळी उतरली होती. वाकवलेल्या बांबूंवर चटया टाकून केलेल्या कोप्या, मध्ये चुली, बैल नव्हते, ट्रकची टोळी होती. मॅडमना चार दिवस काम होतं म्हणून पहिल्यांदा मी एकटाच सायकलवर गेलो. मुकादम हरिभाऊ, तोंडात तंबाखू, डोक्याला मफलर, भला माणूस वाटला. आजही मी त्याला वाईट म्हणणार नाही.

"किती जण आहात टोळीत?" मी विचारलं.

"साडेबारा कोयतं."

मी लिहिलं. कामगार, साडेबारा. बाकीची माहिती घेतली आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कागद पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मिलिंद, हा अर्धा माणूस कुठला?"

मी कागद परत वाचला. मला त्यात चूक दिसेना. आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं, यंदा अमक्याकडे वीस कोयते आले, तमक्या मुकादमाचे पाच कोयते पळाले. मराठी शाळेत गुरुजींनी निमकी, म्हणजे अर्ध्याचा पाढा, पाठ करून घेतलेला. साडेबारा हा मला पूर्ण शुद्ध, सरळ आकडा वाटला होता. बाहेरून आलेला कुणी असता तर त्याने तिथेच विचारलं असतं. मी इथला होतो, म्हणून मला विचारावंसं वाटलं नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चल. आता दोघं जाऊ. एक म्हणजे किती, ते विचारू."

सकाळची वेळ होती. फडात कोयत्यांचा खस् खस् आवाज, पाचटाची धूळ, आणि उसाच्या पानांनी कापलेले हात. पुरुष बुडातून ऊस तोडत पुढे सरकत होते, मागून बायका तो गोळा करून मोळ्या बांधत होत्या. मोळी बांधली की तीच बाई ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायची. फळी वाकायची, परत सरळ व्हायची.

"कोयता म्हंजी नवराबायकू," हरिभाऊ समजावून सांगायला लागला. "जोडी. दोगांचं मिळून एक. हंगामाआधी आगाव उचल देतो ती कोयत्याला, हिशेब होतो तो कोयत्याचा."

"आणि पैसे घेतं कोण?"

"ज्याचा कोयता त्यो."

"बाईचे वेगळे किती धरता?"

हरिभाऊला प्रश्नच कळला नाही. "येगळं कसं धरणार म्याडम? मोळी काय अर्धी अर्धी बांधत्यात व्हय?"

"मग अर्धा कोण?"

त्याने हाताने दाखवलं. विशीतला, मिसरूड फुटलेला एक पोरगा ऊस तोडत होता. "त्यो बाळू. त्याचं लगीन व्हायचंय अजून."

बाळूने मान खाली घातली आणि बायकांमध्ये एकच हसू उसळलं. त्यातली एक, कौसाबाई तिचं नाव, कपाळावर मोठं गोंदण, हातातली मोळी खाली टाकून पुढे आली. मॅडमना वरपासून खालपर्यंत बघून तिने विचारलं, "बाई, तुमचं मालक काय करत्यात?"

"माझं लग्न झालेलं नाही."

"म्हंजी तुमीबी अर्ध्याच की!"

सगळ्यात मोठ्याने मॅडम हसल्या. इतक्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बारामतीत भाड्याची खोली शोधताना त्यांना प्रत्येक दारात हाच प्रश्न विचारला गेला होता, पण तो असा, तोंडावर, हसत, मोळीच्या चऱ्हाटाने सोललेले हात चोळत कुणी विचारला नव्हता. परत येताना त्या म्हणाल्या, "जगातल्या सगळ्या देशांचा आकडा काढला त्यांनी. शून्य ते एक. पण इथं दोन माणसांचा मिळून एक होतो, हे त्यांना कुणी सांगितलं नसणार. आपला रकाना कसा भरायचा रे?"

"निम्मं करायचं?" मी म्हणालो. "दोघांचं मिळून जे येतं ते भागिले दोन."

"मग ते बरोबरीचं दिसेल. एकदम एक. जगात पहिला नंबर."

 मॅडमनी मोपेडचा वेग वाढवला.

त्यानंतर आम्ही तिथे वरचेवर जायला लागलो. कौसाबाईची मुलगी मंदा तिच्याबरोबर होती. सातवीतली. आईबाप सहा महिने बाहेर, गावाकडे ठेवायला कुणी नाही, म्हणून आलेली. तिने शाळेचं दप्तर मात्र पेटीत घालून आणलं होतं. कोपीच्या दारात बसून ती धाकट्या पोरांना सांभाळायची आणि सांभाळता सांभाळता गणितं करायची. मला ती "मास्तर" म्हणायची, आणि टोळीतल्या बायका तिला "मंदा तलाठी". सातवीची परीक्षा गावाकडच्या शाळेत द्यायची, तोवर हंगाम संपतो, असं तिच्या गुरुजींनी कबूल केलं होतं. अपूर्णांकात ती अडायची. मी तिला शिकवायचो. पाव, अर्धा, पाऊण. एकदा पाटी माझ्याकडे सरकवत म्हणाली, "मास्तर, अर्धा सोडून कायबी घाला. अर्ध्याला समदी हसत्यात."

संक्रांतीच्या आसपास ट्रक भरायला हात देताना कौसाबाईचा नवरा भागवत फळीवरून खाली पडला. दव पडलेलं होतं, फळी ओली होती. डोक्यावरची मोळी एकीकडे, तो एकीकडे. कमरेचं आणि मांडीचं हाड गेलं. सरकारी दवाखान्यातून त्याला त्याच्या भावाने गावाकडे नेलं. कौसाबाई राहिली. जायचं तिच्या हातात नव्हतं, उचल जोडीवर घेतलेली होती.

आम्ही गेलो तेव्हा ती एकटीच तोडत होती, एकटीच बांधत होती, एकटीच वाहत होती. दोघांचं काम तिने एकटीने सुरू केलं होतं आणि टोळीतलं तिचं माप मात्र निम्म्यावर आलं होतं.

"अकरा पुरं, दोन अर्धं," हरिभाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखर काळजी होती. "म्याडम, माझा ट्रक भरत न्हाय. वरनं शिव्या मला बसत्यात."

मॅडमनी त्याला सरळ विचारलं, "हिचा एक कोयता का धरत नाही? एक बाई, एक कोयता."

"तसं नसतंय."

"का नसतं?"

तो खूप वेळ मफलर सोडत-बांधत राहिला. "तसं कदी केलंच न्हाय कुनी." आणि मग, जणू अडचणीतून मोठ्या मनाने वाट काढतो आहे अशा सुरात, "मी सांगितलंय कौसाबाईला. पोरगी हाय, बाळू हाय. बाळू गुणाचा हाय, दारू न्हाय, काय न्हाय. फडातच चार अक्षता टाकू. दोन अर्ध्याचं एक झालं, की कौसाबाईला पोरीच्या जोडीनं ठिवून घ्याला मला सोपं जातंय."

पलीकडे मंदा चुलीत पाचट सारत होती. तिने ऐकलं असणार. तिने मान वर केली नाही.

मी आज कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. फळ्यावर कधी अर्धा अधिक अर्धा लिहायची वेळ आली की माझा खडू क्षणभर अडतो. मुलांना वाटतं, सरांना शिंक येणार आहे.

मॅडमनी त्या दिवशी कौसाबाईला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "मंदाला माझ्याकडे द्या. माझ्या खोलीवर राहील. परीक्षेला मी स्वतः तुमच्या गावाला नेऊन बसवते. हंगाम संपला की तुमची पोरगी तुम्हाला."

कौसाबाई चऱ्हाटाची गाठ सोडवत होती. सुटल्यावरही सोडवत राहिली. "तुमची खोली केवढी?"

"एवढीशीच आहे. पण दोघींना पुरेल."

"न्या," ती म्हणाली. "पर बाजारादिवशी न्या. तवर म्या तिची दोन कापडं धुती."

बाजाराचा दिवस आला. त्याच्या आदल्या दिवशी मॅडमनी खोलीत एक जास्तीची गादी आणून टाकली होती, आणि घरमालकाला भाची येते आहे असं सांगितलं होतं. आम्ही मोपेडवर गेलो तर रान रिकामं. चुलींचे काळे दगड, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, काड्या, एका कोपीची मोडकी कमान. तिथला ऊस संपला होता आणि टोळी हलली होती. कुठे गेली, ते शेजारच्या वस्तीवर कुणाला नीट माहीत नव्हतं. कुणी म्हणालं भिगवणकडे, कुणी म्हणालं नदीच्या अंगाला. त्या माणसांचा पत्ता म्हणजे उभा ऊस. ऊस पडला की पत्ता गेला.

शोधत राहिलो. कॉलेज सुटलं की रोज एक रस्ता. जिथे जिथे तुरे आलेल्या फडात मोकळी जागा दिसायची, तिथे थांबून विचारायचं, "हरिभाऊ मुकादमाची टोळी?" अखेर सापडली तेव्हा उन्हाळा लागत आला होता. लांबूनच मला कौसाबाई दिसली, वाकलेली. तिच्या पुढे आणखी कुणीतरी वाकलेलं होतं, बापाचा मळका सदरा घातलेलं, डोक्याला फडकं बांधलेलं. जवळ गेल्यावर कळलं, ती मंदा होती. तिच्या हातात कोयता होता आणि दुसऱ्या हाताला चिंधी बांधलेली होती. चिंधीतून तांबडं आलेलं होतं.

मॅडम काही बोलायच्या आत कौसाबाई बोलली. कमरेवर हात ठेवून, श्वास घेत घेत.

"बाई, लगीन टाळलं म्या. म्हनलं, मायलेकी मिळून एक कोयता धरा. हरिभाऊ तयार झाला. लगीन टाळायचं तर पोरगी फडात घालाय लागती, आन् पोरगी साळंत धाडायची तर लगीन गळ्यात येतंय. एकच करता आलं मला."

"परीक्षा?"

"पुढल्या साली. पुढल्या साली घालती तिला. आईच्यान."

मंदाने आमच्याकडे बघून हसण्याचा प्रयत्न केला. "मास्तर, आमी आता पुरं," ती म्हणाली, आणि परत वाकली.

त्या वर्षी कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तेव्हा वैशाखातलं ऊन होतं. ट्रक उलट्या दिशेने गेले. परीक्षा केव्हाच होऊन गेली होती.

मॅडमनी आमच्या तालुक्यांचा आकडा काढला की नाही? काढला. पहिले दोन रकाने भरून, तिसरा तसाच मोकळा ठेवून. एका परिषदेत त्यांनी ते वाचलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं की अंदाजे काहीतरी धरायला हवं होतं, रिकाम्या रकान्याचा आकडा कसा होणार. मॅडम म्हणाल्या, "रिकामा आहे हेच मोजमाप आहे." लोकांना ते शास्त्रीय वाटलं नाही. कॉलेजातली त्यांची नेमणूक तात्पुरती होती. ती पुढे वाढवली गेली नाही. त्या साताऱ्याला परत गेल्या. जाताना ती जास्तीची गादी त्यांनी आमच्या आईला दिली. आई त्यावर कधी झोपली नाही, पाहुण्यांसाठी ठेवली.

एसटीच्या खिडकीतून त्या मला म्हणाल्या, "पुढच्या हंगामात टोळी आली की जाऊन बघ. मला कळव. काहीही असलं तरी कळव. आणि मोजताना..."

"एक म्हणजे किती, ते आधी विचारेन," मी म्हणालो.

आता तशा याद्या मोबाईलवर येतात. माझे विद्यार्थी मला दाखवतात, "सर, यंदा आपला नंबर बघितला का?" नंबर कधी दोन पायऱ्या वर असतो, कधी चार खाली. आत कितीतरी रकाने वाढलेत. संसदेतल्या बायका, बँकेतल्या बायका. चांगलं आहे. मी त्या याद्यांची टिंगल करत नाही. त्या नसत्या तर आमच्या वर्गात तो झेरॉक्स आला नसता, आणि आईचा रोज वेगळा का, हा प्रश्न मला म्हातारा होईपर्यंत पडला नसता. पण आकडा वाचून झाला की मी मोबाईल परत देतो आणि खिडकीतून बाहेर बघतो. आमच्या कॉलेजच्या खिडकीतून हायवे दिसतो. या दिवसांत त्यावरून ट्रक जातात. आता उसाच्या तोडणीला यंत्रंही आली आहेत, तरी ट्रक येतातच. त्यांच्यावरची माणसं अजून कोयत्यातच मोजली जातात. एखाद्या गाठोड्यावर बापाचा सदरा घातलेलं कुणीतरी बसलेलं असतं. मुलगा आहे की मुलगी, ते लांबून कळत नाही.

मॅडम साताऱ्याला गेल्या त्याच्या पुढच्या हंगामात मी गेलो. हरिभाऊच्या टोळीचा ठिकाणा शोधायला या खेपेला वेळ लागला नाही. परत आल्यावर मॅडमना पत्र लिहिलं. पत्र आधी कच्चं लिहायचं, मग शाई बदलून पक्कं, अशी माझी तेव्हाची रीत होती. पक्कं साताऱ्याला गेलं. कच्चं माझ्याकडे राहिलं. ते असं:

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

आपण सांगितल्याप्रमाणे टोळी आल्यावर जाऊन आलो. या वेळी माळेगावच्या अलीकडे उतरली आहे. हरिभाऊ मुकादमाने ओळखलं. आपली चौकशी केली. चहा दिला.

मी त्याला विचारलं, यंदा किती. तो म्हणाला, "बारा कोयतं. समदं पुरं. यंदा अर्धा कुनी न्हाय." हे तो समाधानाने म्हणाला.

कौसाबाई आलेली नाही. भागवतला अजून उठता येत नाही. त्याला उठवायला-बसवायला माणूस लागतं म्हणून ती गावी आहे. उचल घ्यायला कोयता पूर्ण लागतो, आणि आईला येता येत नव्हतं म्हणून मायलेकींचा कोयता यंदा होईना. दसऱ्याला लग्न झालं. बाळू चांगला मुलगा आहे असं सगळे म्हणतात. मलाही तसंच वाटलं. त्याने मला बसायला गोणपाट टाकलं आणि मंदाला हाक मारली.

मंदा आली. हिरव्या बांगड्या होत्या. साडी तिला लांब होते, ती कमरेला दोनदा खोचते. मी विचारलं, दप्तर आणलंस का. म्हणाली, "पेटीत बाळूची कापडं बसंनात, म्हनून आईकडं ठिवलं."  मग तिनेच विचारलं, "त्या बाई कुठं हायत? अजून अर्ध्याच हायत का?" मी हो म्हणालो. ती हसली. म्हणाली, "त्यांना म्हनावं, तसंच ऱ्हावा."

आपण मला घरी येऊन कॉलेजात परत नेलंत, ते माझ्या रोज लक्षात असतं. त्या दिवशी फडातून परत येताना ते जास्त लक्षात आलं. माझ्यासाठी एक घर होतं, फाट्यावरून चालत येण्याजोगं. मंदासाठी आपण तसंच निघाला होतात. रान रिकामं होतं, त्यात आपली चूक नाही. हे लिहायचं होतं.

आईचा नमस्कार. आबा आपली आठवण काढतात. तिसऱ्या वर्षाचा अभ्यास चालू आहे.

आपला विद्यार्थी,
मिलिंद

ता. क. वर कोयते लिहिले, पण माणसं लिहायची राहिली. मी एकेकाजवळ जाऊन मोजली आहेत. माणसं चोवीस. पुरुष बारा. बाया अकरा. मुलगी एक.